पिंपात काय आहे?

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी. ए.ला त्याने मराठी घेतले होते आणि मराठी घेतलेल्या बहुतेकांप्रमाणे पोटासाठी त्याला भलतेच काही करावे लागले. उरणकडे एका कस्टम्स क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत तो काम करतो. न्हावा-शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाची कागदपत्रे जुळवणे, ती दाखल करणे, अडकलेला माल सोडवणे हा त्याचा दिनक्रम. त्याच्या हातात सोळा कलमांचे एक इंग्रजी पत्रक होते. परदेशातून येणाऱ्या रसायनाबरोबर असे पत्रक यावे लागते. पदार्थाचे नाव, घटक, धोका, अंगावर सांडले तर काय करावे, आग लागली तर कशाने विझवावी, असा त्याचा क्रम असतो. पत्रकातील पदार्थ होता टोल्युइन डायआयसोसायनेट. धंद्यातल्या बोलीत टीडीआय. आपल्या गाद्यांतला आणि सोफ्यांतला फोम यापासून होतो.

"सर, ह्याचं मराठी करून द्या," तो म्हणाला. "ड्रायव्हरला आणि गोदामातल्या माणसांना वाचता येईल असं. एक पान पुरे."

मला वाटले, तासाभराचे काम. चार दिवस गेले. परिभाषा कोश समोर ठेवून 'संक्षारक', 'संवेदनक्षमता', 'श्वसनमार्ग' अशी शब्दांची रांग लावली आणि मग लक्षात आले, की हे वाचून पिंप उचलणारा माणूस हात आवरणार नाही. 'रसायन' हा शब्दच पाहा. आयुर्वेदाच्या आठ अंगांतील एका अंगाचे ते नाव. जरा आणि व्याधी दूर ठेवून आयुष्य वाढवणारे ते रसायन. एकोणिसाव्या शतकात 'केमिस्ट्री'साठी आपण तो शब्द उचलला आणि पुढे कारखान्यात जे जे द्रव, चूर्ण वा वायू असेल त्याला चिकटवला. च्यवनप्राश आणि टीडीआय यांना एकच नाव देणारी आपली भाषा आहे. त्या चार दिवसांत शब्दांचा पाठपुरावा करता करता मी कायद्यांच्या पुस्तकांत शिरलो, आणि तिथे जे सापडले ते या लेखाचे निमित्त.

बंदरात उतरणाऱ्या मालाला राज्यसंस्था दोन प्रश्न विचारू शकते. याची किंमत काय? आणि हे काय करू शकते? पहिला प्रश्न फार जुना आहे. त्याच्यासाठी मराठीत भरपूर शब्द आहेत: जकात, हशील, थळमोड, थळभरीत. मुंबईतल्या मांडवी भागाचे नावच जकातीच्या ठाण्यावरून पडले आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र जुन्या दफ्तरी भाषेत शब्द शोधू गेले तर हाती फारसे काही लागत नाही. हा केवळ शब्दकोशाचा दोष नव्हे.

पहिला प्रश्न किती चातुर्याने विचारता येतो याचे आपल्याकडचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १६७१ मधील शिवाजी महाराजांचे कुडाळच्या नरहरी आनंदराव यांस लिहिलेले पत्र. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडते, त्यामुळे व्यापारी तिकडे वळतील आणि संगमेश्वराकडील स्वराज्यातले मीठ पडून राहील, हे ओळखून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा त्यात आहे. इतिहासाच्या पुस्तकांत हे पत्र व्यापारी दूरदृष्टीचा पुरावा म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. मीठ हे आजही रसायन उद्योगाचे मूलद्रव्य आहे, कारण कॉस्टिक सोडा, क्लोरीन आणि सोडा अॅश यांचे कारखाने त्याच्यावर चालतात. तेव्हा थोडे ओढूनताणून का होईना, मराठी मुलखातील रसायन-आयातीच्या धोरणाचा हा एक जुना कागद म्हणता येईल. पण मीठ हे मीठ होते. त्याने कोणाचे काय बिघडेल हे विचारण्याची गरज नव्हती. बिघडणार होते ते फक्त संगमेश्वराच्या आगरांचे.

इंग्रजी अमलात हा पहिलाच प्रश्न शास्त्रशुद्ध झाला. १८७८ चा समुद्री जकातीचा कायदा, म्हणजे सी कस्टम्स अॅक्ट, हा त्या व्यवस्थेचा कणा. १९६२ चा सीमाशुल्क अधिनियम येईपर्यंत, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षे तो चालला, आणि आजच्या कायद्यातही त्याची हाडे हाताला लागतात. या कायद्याचे अठरावे कलम आमच्यासारख्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. कोणत्या वस्तू देशात आणण्यास मुळातच मनाई आहे त्याची यादी त्यात होती. खोटी नाणी होती, अश्लील पुस्तके व चित्रे होती, पुढे खोट्या व्यापारचिन्हांचा माल आला. एकोणिसाव्या कलमाने आणखी कोणत्याही मालावर अधिसूचना काढून बंदी घालण्याचा अधिकार सरकारला दिला होता. त्याचा एक ठळक उपयोग कशासाठी झाला, तर श्यामजी कृष्णवर्मांच्या 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट'ला १९०७ मध्ये बंदरावर अडवण्यासाठी. दोन वर्षांनी सावरकरांच्या १८५७ वरील ग्रंथालाही देशाचे दार बंद झाले. राज्यकर्त्यांच्या लेखी स्फोटक वस्तू कोणती, हे या यादीवरून समजते. वाङ्मयाच्या सामर्थ्यावर इतका गाढ विश्वास आमच्या समीक्षकांनीही कधी दाखवलेला नाही.

याच काळात त्याच दारातून काय येत होते ते पाहावे. १८५६ मध्ये पर्किनने डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतील लाल रंगद्रव्य, अॅलिझरीन, प्रयोगशाळेत बनवले आणि थोड्याच वर्षांत ते डब्यांतून हिंदुस्थानात येऊ लागले. आपल्याकडे लाल रंगासाठी आल नावाच्या झाडाची मुळे वापरत. शेतकऱ्याने तीन-चार वर्षे राखलेल्या शेतातून खणून काढलेली ती मुळे कुटायची, तेलाचे आणि तुरटीचे हात द्यायचे, असा रंगाऱ्याचा कित्येक दिवसांचा खटाटोप असे. अॅलिझरीनने तो थोडक्यावर आणला. मग १८९७ मध्ये जर्मनीतील बाडिशे कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहार-बंगालच्या निळीची दशा झाली ती सर्वश्रुत आहे.

या रंगांबद्दल आपण जे लिहिले-वाचले ते सारे पहिल्या प्रश्नाचे: देशी धंदा बुडाला, पैसा बाहेर गेला. ते खरेच आहे. पण किरमिजी रंगाची, मॅजेंटाची, सुरुवातीची मोठी पद्धत आर्सेनिक आम्लावर चालत असे आणि तयार रंगात सोमलाचा अंश राहत असे. युरोपात यावरून त्याच काळात ओरड झाली होती. आपल्या रंगारवाड्यांत कोपरापर्यंत हात बुडवून काम करणाऱ्या माणसांच्या बाजूने जकातीच्या कायद्यात कलम नव्हते. डबा रंगाचा आहे, त्याची किंमत अमुक, त्यावर शेकडा इतके शुल्क, एवढ्यावर बंदराचे समाधान होई.

दुसरा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला तो दोन पदार्थांमुळे. त्यांपैकी सोमलाबद्दल फार बोलायला नको. विषप्रयोगाचे खटले, आणि चामड्यासाठी जनावरांना विष घातल्याचा सरकारी अधिकाऱ्यांना वाटणारा संशय, यांतून १९०४ चा आणि नंतर १९१९ चा विषांविषयीचा कायदा आला. या दुसऱ्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाने नेमून दिलेले विष परवान्याशिवाय आयात करण्यास मनाई करण्याची सोय केली. म्हणजे पैशासाठी नव्हे तर पदार्थाच्या गुणासाठी त्याला सरहद्दीवर थांबवायचे. कल्पना मोठी होती, वापर थोडका झाला. हा कायदा जवळजवळ विस्मरणात गेला होता. २०१३ मध्ये मुलींवरील अॅसिडहल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अॅसिडच्या विक्रीवर निर्बंध आणायला सांगितले, तेव्हा त्याची धूळ झटकली गेली. चौऱ्याण्णव वर्षांनी!

दुसरा पदार्थ घासलेट. याची गोष्ट मला फार बोलकी वाटते. अमेरिकेहून आणि पुढे रशियाच्या बाकूहून घासलेटचे डबे मुंबईत येऊ लागले तेव्हा एक पेच पडला. सगळे घासलेट दिसायला सारखेच. पण त्यात हलक्या, चटकन वाफ होणाऱ्या तेलाची भेसळ असेल तर तोच डबा वखार पेटवू शकतो. डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास कसा ठेवायचा? तेव्हा पेट्रोलियमच्या कायद्यांनी एक निराळीच गोष्ट केली. त्यांनी कागदाला न विचारता पदार्थालाच विचारायचे ठरवले. नमुना छोट्या झाकणबंद वाटीत घ्यायचा, सावकाश तापवायचा, ठरावीक अंतराने झाकणाचे भोक उघडून बारीक ज्योत आत दाखवायची. ज्या उष्णतामानाला वाफ क्षणभर भपकन पेटते तो त्याचा फ्लॅश पॉइंट. १९३४ च्या कायद्यात ७६ अंश फॅरनहाइटच्या खाली भपका देणारे तेल 'धोकादायक' ठरले. पुढे सेल्सियस आले आणि २३, ६५ आणि ९३ अंशांवर आखलेले अ, ब, क असे वर्ग झाले. पण तत्त्व तेच राहिले. व्यापाऱ्याने काय लिहून दिले आहे यापेक्षा वाटीतला थेंब काय म्हणतो ते प्रमाण. आपल्या आयात-कायद्याच्या इतिहासात इतका प्रामाणिक क्षण मला दुसरा आढळला नाही.

(जाता जाता: १८८४ च्या स्फोटकांच्या कायद्याची आणि पेट्रोलियमच्या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय नागपूरला आहे. कोणत्याही समुद्रापासून शक्य तितक्या दूर! बंदरात अडकलेल्या पिंपाचा कागद म्हणूनच कधी कधी संत्र्यांच्या गावाची यात्रा करून येतो. माझा विद्यार्थी त्याला 'नागपूरची वारी' म्हणतो.)

एवढे सारे असूनही १४ एप्रिल १९४४ घडलेच. फोर्ट स्टिकीन हे जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले तेव्हा त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि सोन्याच्या लगडीही होत्या. कराचीला थोडा माल उतरला आणि त्या जागी कापसाच्या साधारण ८,७०० गाठी, तेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड, मासळीचे खत असे हाताला येईल ते भरले गेले. १२ एप्रिलला ते मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. शांततेच्या काळात असे जहाज गोदीत घेत नसत. बाहेर नांगरून पडावांतून माल उतरवण्याची रीत होती. धोकादायक मालाची खूण म्हणून तांबडा बावटा लावायचा. युद्धाच्या घाईत पहिली रीत ढिली झाली आणि बावटा लागला नाही. दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, साडेचारच्या सुमारास दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मृतीत दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. गोदीतल्या हजेरीबाहेरच्या हमालांची नोंद कोण ठेवणार?

या स्फोटाबद्दल आपल्याकडे सांगितले जाते ते मुख्यतः सोन्याच्या विटांचे. कोणाच्या छपरातून वीट पडली, पारशी गृहस्थाने ती कशी परत केली, वगैरे. गाळ उपसताना कित्येक दशकांनी वीट सापडल्याच्या बातम्या येत राहिल्या; अगदी अलीकडे, २०११ मध्येही आली होती. लोककथेला सोने लागतेच. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळे. स्फोटके वेगळी, कापूस वेगळा, तेल वेगळे, अशी प्रत्येकाची यादी कागदावर बिनचूक असू शकते; एकाच्या पोटाशी दुसरे ठेवले म्हणजे काय होईल हे कोणत्याच यादीत नसते. आज जहाजावर धोकादायक मालाचे वर्ग पाडून कोणता कोणापासून किती अंतरावर ठेवायचा याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. ते वाचताना मला व्हिक्टोरिया गोदीतला तो न फडकलेला बावटा दिसतो.

स्वातंत्र्यानंतर पुन्हा पहिला प्रश्न जोरावला, फक्त त्याचे रूप बदलले. १९४७ चा आयात-निर्यात नियंत्रणाचा कायदा आला. आता विचारायचे ते हे, की याला परकीय चलन किती लागेल आणि ते इथे बनवता येणार नाही का? गरीब, नव्या देशाने हे विचारणे अगदी स्वाभाविक होते. त्या धोरणाची आज सरसकट टवाळी होते तीत मी सामील होणार नाही. ठाणे-बेलापूर, अंबरनाथ, तारापूरकडच्या कारखान्यांतून जी पिढी शिकून वर आली ती काही अंशी त्याच धोरणाची लेकरे आहेत. पण या प्रश्नाची एक आंधळी बाजू होती, आणि ती भोपाळला उघडी पडली.

युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीचा भोपाळचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला तेव्हा तिथे मिथिल आयसोसायनेट बनत नव्हते. सेव्हिन या कीटकनाशकासाठी लागणारे ते द्रव्य पुढे अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियातल्या कारखान्यातून पोलादी पिंपांत आयात होत असे. १९७५ मध्ये कंपनीला इथेच उत्पादन करण्याचा औद्योगिक परवाना मिळाला आणि १९८० मध्ये भोपाळात मिथिल आयसोसायनेट बनू लागले. परकीय चलनाच्या हिशेबात ही प्रगती होती: आयात थांबली, देशी माल आला. परंतु पिंप जाऊन टाकी आली. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या एका टाकीत सुमारे ४२ टन द्रव्य होते. तिच्यात पाणी शिरले. द्रव्य थंड ठेवणारे शीतयंत्र बंद, वायू जाळून टाकणारा मनोरा तोडलेला, वायू धुणारी यंत्रणा अपुरी. ही सारी जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यांची, यात शंका नको. मला म्हणायचे ते एवढेच, की बारा-पंधरा वर्षांच्या परवान्यांच्या पत्रव्यवहारात 'किती टन' हा आकडा पुन्हा पुन्हा येतो तो उत्पादनक्षमतेचा. एका जागी, वस्तीला लागून, एकदम किती टन, हा आकडा त्या व्यवस्थेला सक्तीने मागताच येत नव्हता. मध्य प्रदेश सरकारने वायुगळतीने झालेले मृत्यू ३,७८७ असे मान्य केले. संघटनांचे आकडे त्याच्या कितीतरी पट आहेत. आणि त्या रात्री हमीदिया रुग्णालयात लोंढे आले तेव्हा वायू कोणता आणि त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना कोणी धड सांगू शकले नाही. पिंपात काय आहे, हा प्रश्न तिथे माणसांच्या फुफ्फुसांत जाऊन पोहोचला होता.

यानंतर कायदे भराभर आले. १९८५ च्या डिसेंबरात दिल्लीत एका कारखान्यातून ओलियमची गळती झाली; त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये निरपवाद दायित्वाचे तत्त्व घालून दिले. त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला. त्याखाली २७ नोव्हेंबर १९८९ रोजी घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांविषयीचे नियम निघाले. यांतला अठरावा नियम आयातीचा. १८७८ च्या कायद्यातही मनाईच्या यादीचे कलम अठरावेच होते, हा निव्वळ योगायोग. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचले की शंभर वर्षांचे अंतर दिसते. घातक रसायन आणणाऱ्याने किमान तीस दिवस आधी, ते जमत नसेल तर शक्य तितक्या लवकर, आणि काही झाले तरी आयातीच्या दिवसापर्यंत, संबंधित प्राधिकाऱ्याला कळवायचे: माल घेणारा कोण, बंदर कोणते, तिथून वाहतूक कशी, प्रमाण किती, आणि सुरक्षिततेची संपूर्ण माहिती. प्राधिकाऱ्याला वाटले तर तो आयात थांबवू शकतो. बंदराला आधी कळवायचे, म्हणजे उतरवताना आणि ठेवताना काळजी घेता येईल. फोर्ट स्टिकीनचा बावटा इथे पंचेचाळीस वर्षांनी कागदावर फडकला, असे म्हणायला हरकत नाही.

पण हे काम सोपवले कोणाकडे? नियमांच्या अनुसूचीत आयातीपुरते नाव होते ते आयात-निर्यातीच्या मुख्य नियंत्रकाचे, म्हणजे १९४७ च्या कायद्याखालच्या, परवाने आणि कोटे यांत मुरलेल्या कचेरीचे. तिने आयुष्यभर पहिला प्रश्न विचारला होता. दुसरा विचारायला ती कोणत्या कोशातून शब्द आणणार? १९९२ मध्ये तो कायदाही गेला आणि परदेशी व्यापाराचा नवा कायदा आला. आयात खुली झाली. परवान्यांची भिंत पडली, आणि त्या भिंतीला टेकून उभी असलेली ही नवी तपासणीही थोडी कलंडली.

टीडीआयच्या पत्रकाकडे आता पुन्हा वळतो. सीमाशुल्काच्या तक्त्यात त्याचे स्थान प्रकरण २९, शीर्षक २९२९, उपशीर्षक 'आयसोसायनेट्स' असे आहे. ही जागतिक पद्धत आपण १९८६ पासून वापरतो. तिच्यात भोपाळचे मिथिल आयसोसायनेट आणि गादीचे टीडीआय एकाच खोलीत राहतात, कारण शुल्क आकारणाऱ्याला त्यांच्या रेणूचे कूळ पुरते. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत मात्र टीडीआयचा क्रमांक २०७८ आणि वर्ग ६.१, म्हणजे विष. एकाच पिंपावर दोन आकडे असतात. एक सांगतो त्याच्यावर किती पैसे द्यायचे. दुसरा सांगतो ते फुटले तर किती पळायचे. बिल ऑफ एंट्री भरताना पहिला आकडा चुकला तर दंड होतो, माल अडकतो, शेठ ओरडतो. दुसरा चुकला तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. माझा विद्यार्थी हे अगदी सहज बोलून गेला, आणि एवढ्या वाचनानंतर मला जे कळले होते ते त्याने दोन वाक्यांत सांगितले.

'बहुतेक वेळा' हा शब्द महत्त्वाचा. चेन्नईच्या सीमाशुल्क विभागाने २०१५ मध्ये सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट जप्त केले. हा पदार्थ खत म्हणूनही येतो आणि स्फोटकासाठीही लागतो. २०११ मध्ये सरकारने त्याला स्फोटक म्हणून अधिसूचित केले होते, आणि २०१२ मध्ये त्याचे स्वतंत्र नियम झाले होते. जप्तीत काहीच चुकले नाही. कायद्याप्रमाणे माल पकडला, कायद्याप्रमाणे ३७ कंटेनरांत मणलीच्या साठवण-तळावर ठेवला, आणि वाद चालू राहिला. पाच वर्षे. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा इकडे एकदम आठवण झाली आणि त्याच महिन्यात लिलावात गेलेला माल चेन्नईहून घाईने हलवला गेला. बैरूतचीही गोष्ट काही वेगळी नव्हती. २०१३ मध्ये आलेल्या जहाजावरचा तो माल उतरवून गोदामात ठेवलेला होता, आणि तिथले जकात अधिकारी तो बाहेर पाठवण्याची किंवा विकण्याची परवानगी द्या म्हणून न्यायालयाला वर्षानुवर्षे पत्रे लिहीत होते. पत्रे दप्तरी दाखल होती. जकातखात्याला माल अडवता येतो. अडवलेल्या मालाचे पुढे काय करायचे, हे ठरवणारा शोधता शोधता दिवस जातात, आणि रसायन तेवढे दिवस तिथेच असते.

आता त्या एका पानाविषयी. १९८९ च्याच केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातक माल नेणाऱ्या चालकाला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आले पाहिजे अशी अट घातली आहे. नियम करणाऱ्याच्या मनात काय होते ते दिसते: पत्रक इंग्रजीत येणार, तर चालकाने इंग्रजी शिकावे. पत्रकाने मराठी शिकावे, हे कोणाला सुचले नसावे. कीटकनाशकांच्या बाबतीत निदान माहितीपत्रक प्रादेशिक भाषेत देण्याचा आणि अक्षरशत्रूसाठी लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या चौकोनांचा नियम १९७१ पासून आहे. तो असूनही २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करणारे मजूर विषबाधेने मेले, हे विसरून चालणार नाही. तेव्हा माझ्या पानाने क्रांती होईल असा भ्रम मला नव्हता. तरीही 'संक्षारक' खोडून 'कातडी जाळते' लिहिले. 'श्वसनसंवेदी'च्या जागी 'वाफ छातीत गेली तर दमा लागतो, आणि एकदा लागला की पुढच्या वेळी थोड्या वासानेही उसळतो' असे लिहिले. सांडलेल्या जागी पाण्याची बादली ओतू नये, पिंपात पाणी शिरले तर ते फुगून फुटते, हे मोठ्या अक्षरांत सर्वांत वर घेतले. नाव मात्र काय द्यावे ते सुचेना. टोल्युइन डायआयसोसायनेट हा शब्द मलाच एका दमात म्हणता येत नव्हता.

आठवड्याने त्याचा फोन आला. पान त्याने गोदामात वाचून दाखवले होते. सगळे ऐकून झाल्यावर एक म्हातारा माथाडी म्हणाला, "म्हणजे दमेकरी पिंप ना? मग असं सरळ बोला की." त्या गोदामात त्या पिंपांना गेली कित्येक वर्षे 'दमेकरी' म्हणतात. कोणी ठेवले ते नाव माहीत नाही. ज्याला तो दमा लागला तो काम सोडून गावी गेला, एवढेच त्यांना आठवत होते.

"सर, हेच नाव घालू का वर?"

घाल, म्हटले. पण खाली टोल्युइन डायआयसोसायनेट आणि २०७८ हा आकडाही ठेव. दवाखान्यात नेले तर डॉक्टर तेच विचारील.